नानीचं सत्त्व आणि लीबिगचा माल्ट

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. मी तयार पिठाचा डबा आणला तेव्हा अम्मी म्हणाली, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." ते मनाला लागलं, म्हणून जरा इतिहास चाळला.

१८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी बाळांसाठी गाईचं दूध, गव्हाचं पीठ आणि जवाचा माल्ट यांचा आहार सुचवला. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आन्री नेस्ले यांचं दूध, गहू, साखरेचं तयार पीठ आलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. मोडामुळे स्टार्च फुटतो, पेज पातळ राहते आणि एका चमच्यात जास्त धान्य मावतं.

हे तर कोकणातल्या आमच्या नानीचं नाचणीचं सत्त्व! नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून जात्यावर दळायची, मलमलीतून चाळायची. लावणीच्या दिवसांत नानी पहाटेच शेतावर जायची. एकदा दळलं की बरेच दिवस पुरायचं. रोज फक्त शिजवायचं. म्हणजे ते फुरसतीचं कौतुक नव्हतंच, कष्टकरी बाईने केलेली सोय होती.

कुरआनात (२:२३३) बाळाचं दूध तोडण्याचा निर्णय आई-बाप दोघांनी सल्लामसलतीने घ्यावा असं आहे. मग पुढची मेहनत एकटीची का? आता दर रविवारी नाचणी मी भिजवते. दळून आणणं आणि चाळणं मुलीच्या अब्बांकडे. डबाही फळीवर आहे, अडीअडचणीला. अम्मी तो पाहते, पण बोलत नाही.