पाइपातला पंखा आणि गाडीचा टर्बो: हवा दाबण्याची दीडशे वर्षांची गोष्ट

मंडळी, सध्या पोरांच्या मोबाईलवर एक खूळ फिरतंय. गाडीच्या एअर फिल्टरच्या पाइपात बारा व्होल्टचा पंखा बसवायचा, वायर बॅटरीला जोडायची, की म्हणे गाडीला टर्बो लागला! कुणी कॉम्प्युटरचा पंखा घेतो, कुणी धूळ उडवायचा ब्लोअर कापून बसवतो, कुणी 'इलेक्ट्रिक टर्बो' नावाचं तयार डबडं ऑनलाइन मागवतो. जाणते लोक हसतात आणि विषय सोडून देतात. मला तो सोडून द्यावासा वाटत नाही, कारण यात पोरांचे पैसे जातात, इंजिनं जातात, आणि एक मोठा प्रश्न तसाच राहतो. म्हणून जरा मागून सुरुवात करू.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर जेवढी, तेवढीच हवेवर अवलंबून. सिलेंडरात हवा जास्त गेली तरच जास्त पेट्रोल नीट जळतं. म्हणजे हवा दाबून भरायची ही कल्पना शंभर टक्के बरोबर आहे, आणि ती मोटारीपेक्षाही जुनी आहे.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे रूट्स नावाच्या दोन भावांची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीला पर्याय शोधताना त्यांनी दोन फिरत्या पात्यांचं एक यंत्र बनवलं. पाण्याच्या कामी ते फारसं आलं नाही, पण हवा मात्र जोरात फेकायचं. १८६० मध्ये त्याचं पेटंट झालं आणि ते भट्ट्यांना वारा घालायला वापरात आलं. पुढे याच रूट्स ब्लोअरची नातवंडं मोटारींच्या इंजिनावर सुपरचार्जर म्हणून बसली. गॉटलिब डाइम्लरने १८८५ मध्येच इंजिनात हवा दाबून भरण्याचं पेटंट घेतलं होतं.

सुपरचार्जरची अडचण अशी की तो इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. घरचंच धान्य पेरायला काढायचं, तसं. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने वेगळा विचार केला. सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो, त्यावरच चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने हवा दाबायची. हाच टर्बो. पण तो कामाचा व्हायला वीस वर्षं लागली. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या दोन प्रवासी जहाजांवर तो बसला, तेव्हा इंजिनाची ताकद १७५० वरून २५०० हॉर्सपॉवरवर गेली.

मधल्या काळात, १९१८ साली, सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर नेलं. एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिन दमायचं. टर्बो जोडल्यावर तेच इंजिन समुद्रसपाटीवर देईल तेवढी ताकद डोंगरावर देऊ लागलं.

मोटारगाडीत टर्बो आला १९६२ मध्ये. ओल्ड्समोबिल जेटफायर ही त्यातली एक पहिली गाडी. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी भडकतं. आपले मिस्त्री ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच. त्यावर कंपनीने पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली. गिऱ्हाइकं टाकी भरायला विसरायची. गाडी दुसऱ्याच वर्षी बंद झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही ते पाइपात पंखा बसवून जमेल, असं मानण्याआधी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे टर्बो हा शब्द ट्रकवाल्यांनी आधी ओळखीचा केला. १९९८ मध्ये आलेली टाटा सफारी टर्बो डिझेल होती. आज रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनच्या १२०० सीसी पेट्रोल इंजिनालाही टर्बो आहे. त्यामुळे पोरांना वाटतं, कंपनी करते तर आपण का नाही?

आता हिशोब करू. १२०० सीसीचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पोटभर हवा घेतं. ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. तीन-चार घागरी हवा, दर सेकंदाला! कॉम्प्युटरचा पंखा जो दाब देतो तो पाण्याच्या दोन-चार मिलिमीटर उंचीएवढा. आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब दहा मीटर पाण्याएवढा. म्हणजे दहा हजारात दोन-चार! इंजिन जोरात ओढायला लागलं की हा पंखा वारा घालत नाही, उलट वाट अडवतो.

खरोखर जाणवेल असा, वातावरणाच्या तीस टक्के जादा दाब द्यायचा तर एवढ्या इंजिनाला तीन किलोवॉटच्या आसपास मोटर लागते. विहिरीवर चार एचपीची मोटर असते, तेवढी. बारा व्होल्टवर तिला अडीचशे अँपिअर करंट हवा. छोट्या गाडीचा अल्टरनेटर शंभरच्या आतबाहेर देतो, आणि तोही इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. ऑनलाइनचं डबडं पाच अँपिअर घेतं, म्हणजे ६० वॉट. घरातला छताचा पंखासुद्धा त्याच्या तोडीचा.

मग इलेक्ट्रिक टर्बो थाप आहे का? नाही. २०१६ मध्ये ऑडीने एसक्यू७ या डिझेल गाडीत खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर बसवला. त्याला ७ किलोवॉट लागतात, आणि त्यासाठी गाडीत वेगळी ४८ व्होल्टची वायरिंग आहे. पाव सेकंदात तो पूर्ण वेग घेतो, पण काम करतो फक्त गाडी उचलताना. पुढचं काम दोन साधे टर्बो सांभाळतात. कल्पना तीच, पण तिच्यामागे इंजिनिअरिंग किती आहे ते बघा.

घरच्या प्रयोगात धोकाही आहे. पंख्याचं प्लॅस्टिकचं पातं तुटलं तर ते थेट इंजिनात. जोड नीट नसेल तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत. बारीक वायरीवर जास्त लोड आला तर बॉनेटखाली आग.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल अडवतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा असावाच. रस्ता सगळ्यांचा आहे.

पण माझा मुद्दा इथून पुढे आहे. आठवतंय का, ओम्नीत घरगुती गॅसचं सिलेंडर लावून किती गाड्या फिरायच्या? बेकायदा आणि जिवावर बेतणारा प्रकार. २००० सालच्या दुरुस्तीने एलपीजीला वाट मिळाली. मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद. नुसता दंड करून लोक थांबत नाहीत, सरळ रस्ता दिला की बरेचसे त्यावर येतात.

२०२१ च्या अखेरीस आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची भंगारातून बनवलेली जीप देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ती नियमात बसत नाही हेही स्पष्ट लिहिलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. गोष्ट गोड झाली. पण असा एखादाच. बाकीच्यांचं काय?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना 'बाहा'सारखी स्पर्धा आहे. २००७ पासून मध्य प्रदेशात पीथमपूरला स्वतः बनवलेल्या गाड्या बंद मैदानात पळवता येतात, तपासणाऱ्यांसमोर, हेल्मेट घालून. आयटीआयच्या पोराला आणि गॅरेजमध्ये पान्हा फिरवणाऱ्याला अशी जागा कुठे आहे? म्हणून तो मोबाईलवर बघून वडिलांच्या गाडीवर प्रयोग करतो.

तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक भंगार इंजिन स्टँडवर ठेवा. एक दाब मोजायचं मीटर, एक अँपिअर मीटर, आणि शनिवारी दोन तास एखादा जाणता मिस्त्री. पोरांना तिथे पंखा बसवू द्या आणि काटा किती हलतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. खर्च फार नाही. आमदार निधीतून यापेक्षा महागड्या कमानी उभ्या राहिल्यात.

रूट्स बंधूंचं यंत्रही ठरवलेल्या कामात फसलंच होतं. पण ते गिरणीत फसलं, भर रस्त्यावर नाही. आपल्या पोरांना फसायला अशी एक जागा द्या, एवढंच मागणं आहे. आयटीआयशी संबंधित कुणी वाचत असेल तर कमेंटमध्ये जरूर बोला.