अर्धे काम राहिले आहे

माझ्या आजीचे लग्न बाराव्या वर्षी झाले आणि पंधराव्या वर्षी तिच्या मांडीवर मूल आले. त्या काळी यात कोणालाच नवल वाटत नसे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसलेल्या विधवांसाठी. त्यांतल्या कित्येकींचे वय खेळण्याचेच असे.

पुढे 1929 चा शारदा कायदा झाला. त्याने मुलीच्या लग्नाचे वय 14 ठरविले; 1949 साली ते 15 आणि 1978 साली 18 झाले. परंतु लग्न लांबले म्हणजे ज्ञान आपोआप येते असे नाही. हे ओळखले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. त्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यासाठी खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

1952 साली सरकारने कुटुंबनियोजनाची योजना हाती घेतली, 1968 साली 'निरोध' आला. आज गोळ्या, तांबी, इंजेक्शन अशी साधने आहेत. संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, अशी घ्यावयाची तातडीची गोळीही मिळते. पण ती नेहमीची सोय नव्हे. गुप्तरोगापासूनही रक्षण करतो तो निरोधच. कोणते साधन कोणाला मानवेल, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एवढे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे सात-आठ जणी आई झालेल्या वा गर्भवती आढळल्या. कोवळ्या वयातले बाळंतपण आईला आणि बाळाला दोघांनाही जड जाते, शाळा सुटते ती वेगळीच.

"मुलींना सांगितले तर त्या बिघडतील," असे पुष्कळजणी म्हणतात. कर्व्यांनाही लोक हेच म्हणत. मला वाटते, न सांगितल्याने मुली अंधारात चालतात आणि ठेच लागली की दोष मात्र त्यांच्याच पदरी पडतो. मुलगेही याला अपवाद नकोत. जबाबदारी दोघांची आहे. पाळीविषयी आपण आता मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. त्याच्या पुढचे पाऊल टाकावयास आईखेरीज आणि मावशीखेरीज दुसरे कोण पुढे येणार?