वाणिज्यदूतांचे संरक्षण, ऑटोमन साम्राज्यातील

ऑटोमन साम्राज्यातील बंदरांत आणि व्यापारी शहरांत राहणाऱ्या परकीय वाणिज्यदूतांना सोळाव्या ते अठराव्या शतकांत मिळालेले कायदेशीर संरक्षण. त्याचा आधार अहदनामा, म्हणजे सुलतानाने शपथपूर्वक दिलेली सनद. व्हेनिसला ती १४५४ मध्ये, फ्रान्सला १५६९, इंग्लंडला १५८० आणि डचांना १६१२ मध्ये मिळाली. फ्रान्सचा १५३६ चा अहदनामा अनेक ग्रंथांत पहिला म्हणून येतो. तो मसुद्यापलीकडे गेला नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

वाणिज्यदूताला नेमणारे त्याचे राष्ट्र असले, तरी इझमीर किंवा अलेप्पोत कारभार सुरू करायला सुलतानाचा परवाना (बरात) लागे. तो मिळाल्यावर त्याला कैद करता येत नसे, त्याच्या घराला मोहोर ठोकता येत नसे. त्याच्यावरचा दावा स्थानिक काजीपुढे न चालता इस्तंबूलच्या दरबारात चाले. खरी ढाल हीच होती. प्रांताधिकारी आणि काजी यांच्या हातून प्रकरण निसटले की तडजोडीला वाव मिळे.

त्याच्या देशबांधवांचे आपसांतले तंटे तो स्वतःच्या कायद्याने मिटवी. ऑटोमन प्रजेशी वाद झाला तर मात्र काजीकडे जावे लागे. तेथे दुभाषी हजर नसेल तर सुनावणी होत नसे. व्यवहार काजीच्या दफ्तरात नोंदवलेला नसेल, तर नुसत्या साक्षीदारांवर दावा ऐकू नये, असेही कलम होते. खोटे साक्षीदार उभे करून व्यापाऱ्याला लुबाडण्याची वाट त्याने बरीच अरुंद झाली. फ्रान्सच्या १६७३ च्या आणि इंग्लंडच्या १६७५ च्या अहदनाम्यांनुसार ४,००० आक्चेंहून (आक्चे हे ऑटोमन चांदीचे लहान नाणे) मोठे दावे थेट इस्तंबूलला जात. पुढे चलन घसरले, आकडा तोच राहिला. अठराव्या शतकात ही रक्कम जेमतेम ३३ कुरुश (मोठी चांदीची नाणी) भरे, त्यामुळे किरकोळ भांडणेही या कलमात बसू लागली.

ही सवलत युरोपने दुबळ्या सुलतानाकडून उकळली, हा समज सुरुवातीच्या काळाला लागू पडत नाही. देणारा बलवान होता आणि १७४० पर्यंत नवा सुलतान गादीवर आला की अहदनाम्याचे नूतनीकरण करावे लागे. त्या वर्षीच्या फ्रेंच अहदनाम्याने ही अट गेली. युद्ध पेटले की खुद्द राजदूतही सुरक्षित नसे. १७६८ मध्ये रशियाचा राजदूत ओब्रेस्कोव्ह येदीकुलेच्या किल्ल्यात कैद झाला.

ऑटोमन सरकारने १९१४ मध्ये अहदनाम्यांतले हे हक्क एकतर्फी रद्द केले. १९२३ च्या लोझान तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले.