कापडासाठी घेतलेला उजेड

मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर टूटल, ब्रॉडहर्स्ट, ली या कापड कंपनीचं १८९६-९८ मध्ये बांधलेलं गोदाम आहे. लाल विटा, टेराकोटाचे पट्टे, बाजूला रॉचडेल कालवा. आत आता कचेऱ्या आहेत. कोंदट वखारीची कल्पना मनात धरून पाहावं, तर इथे खिडक्यांच्या रांगाच रांगा!

मँचेस्टरच्या या गोदामांत माल साठत असे आणि विकलाही जाई. ठोक खरेदीदार तागे उलगडून पाहत. गॅसच्या पिवळट उजेडात रंगाची छटा फसवते, विणीतला दोष लपतो; म्हणून कापड दिवसाउजेडीच पारखायचं. विकलेला माल तळघरात उतरे. तिथे पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं गासड्या आवळत. त्यातल्या कितीतरी मुंबई-कलकत्त्याला निघत.

या घराण्याचा मूळपुरुष १८३९चा. मोझ्ली स्ट्रीटवर एडवर्ड वॉल्टर्सने रिचर्ड कॉब्डेनसाठी इटालियन वाड्याच्या घाटाचं गोदाम बांधलं. हा घाट का? चार्ल्स बॅरीचं अथेनियम तेव्हा जवळच त्याच शैलीत उभं राहिलं होतं, म्हणून काहीजण याला फॅशन म्हणतात. दुसरं मत मोठं मोहक आहे: कापडवाल्यांना फ्लॉरेन्सचा वारसा मिरवायचा होता. तिथल्या मेदिचींच्या लोकर-रेशमाच्या पेढ्या होत्या, रुचेलाईंचं नाव आणि वैभव दगडफुलापासून काढलेल्या जांभळ्या रंगातून आलं.

मला दोन्ही अपुरी वाटतात. त्याच मोझ्ली स्ट्रीटवर बॅरीनेच आधी बांधलेली रॉयल इन्स्टिट्यूशन होती, ग्रीक देवळासारखी. नमुना म्हणून तीही समोरच होती. पण तसा घाट घ्यायचा म्हणजे पुढे जाड खांबांची ओसरी आली आणि मागे सावली. इटालियन वाड्याची दर्शनी भिंत सपाट. मजल्यामागून मजला सारख्या खिडक्या काढता येतात. कॉब्डेनचा धंदा छापील सुती कापडाचा. ज्याची कमाई रंगावर, त्याने वास्तुकाराकडे आधी उजेडच मागितला असणार, असं मी ठामपणे मानतो.

पुढे १८५०च्या दशकात वॉट्स यांच्या गोदामात प्रत्येक मजल्याला वेगळी शैली आली. खिडक्यांची दाटी तशीच राहिली. ओतीव लोखंडाच्या खांबांमुळे आत आडव्या भिंतींची गरज नव्हती. मेजं मांडायला आणखी काय हवं?