पत्र्याला भोक पाडायला प्रेस किती टनाची लागते? हिशेब असा करा

खजुरी (ता. आळंद, जि. कलबुर्गी) : हा सगळा भाग तुरीचा. कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे आणि डाळमिलमध्ये जागोजागी लागते ती भोकांची जाळी, म्हणजे पत्र्याची चाळणी. ती प्रेसवर पंच मारून तयार होते. सीमेच्या अलीकडची-पलीकडची पोरं पुण्याकडे भोसरी-चाकणला जातात, तिथंही अनेकांच्या हाती पहिल्यांदा येते ती प्रेसच. पण ‘हे काम किती टनात होईल?’ असं विचारलं की बरेच जण अंदाजानंच सांगतात.

अंदाज चुकतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. लोक भोकाचं क्षेत्रफळ बघतात. पंच मात्र पत्रा कापतो तो भोकाच्या कडेनं, म्हणून जोर ठरतो परीघावर. सूत्र सोपं आहे: परीघ × पत्र्याची जाडी × पत्र्याची कातर-ताकद. मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची. साध्या पोलादी पत्र्याची कातर-ताकद हिशेबाला दर चौरस मिलिमीटरला 350 न्यूटन धरतात. उत्तर न्यूटनमध्ये येतं, त्याला 9810 नं भागलं की टन.

2 मिमी पत्र्यात 50 मिमी व्यासाचं गोल भोक घ्या. परीघ 3.14 × 50 = 157 मिमी. 157 × 2 × 350 = 1,09,900 न्यूटन, म्हणजे 11.2 टन.

आता चाळणी. पत्रा 1 मिमी, भोक 5 मिमीचं. एका भोकाला जेमतेम अर्धा टन लागतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण एका झटक्यात अशी 20 भोकं पाडायची म्हटली तर एकूण परीघ 314 मिमी होतो आणि जोर पुन्हा तेवढाच, 11.2 टन! पत्रा निम्म्या जाडीचा, सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ मिळून त्या एका भोकाच्या पाचव्या हिश्शाएवढं, तरी प्रेस तीच लागते.

चौकोनी भोक असेल तर चारही बाजूंची बेरीज. स्टेनलेसचा पत्रा आला तर साध्याच्या साधारण दीडपट धरून चला.

हा आकडा धारदार पंचाचा. धार गेली की जोर वाढतो, म्हणून वर 25 टक्के तरी धरावेत: 11.2 चे 14. पंच परत वर येताना पत्रा त्याला चिकटून येतो. तो सोडवणाऱ्या स्ट्रिपरच्या स्प्रिंगांचा भारही प्रेसवरच पडतो, तो 10 ते 20 टक्के. म्हणजे हे काम 20 टनी प्रेसचं, 10 टनीवर चढवायचं नाही.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. क्रँकच्या प्रेसवर लिहिलेले टन झटक्याच्या अगदी तळाजवळच मिळतात. मधल्या उंचीवर पत्रा कापायला लावला तर तीच प्रेस कमी पडते.

मोठी प्रेस नसेल तरी वाट आहे. 20 पैकी 10 पंच पत्र्याच्या जाडीइतके आखूड ठेवले तर भोकं दोन टप्प्यांत पडतात, एका वेळचा जोर निम्म्यावर येतो. पंचाच्या तोंडाला थोडा उतार दिला तरी जोर कमी होतो, कारण कड एकदम न कापता कात्रीसारखी कापली जाते. पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला जाडीच्या 5 ते 10 टक्के फट ठेवावी. भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान करू नये, पंच मोडतो.

कमी टनाच्या प्रेसवर जास्तीचं काम टाकलं की ती तळाशी अडकते. मग मशीन चालू ठेवूनच कुणीतरी पत्रा ओढायला आत हात घालतो. बोटं जातात ती अशी. अडकली तर आधी मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, मगच हात. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस असेल तर एक बटण काडी खोचून दाबून ठेवायचं नाही, मालक घाई करत असला तरी. कारखाना कायदा 1948 च्या कलम 21 नं यंत्राच्या धोकादायक भागाला आवरण घालणं बंधनकारक केलं होतं.

हे काम रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा ट्रेड आहे. कलबुर्गीत कर्नाटक सरकारचं टूल रूम प्रशिक्षण केंद्र आहे, आणि महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम.