पाठ न होणारी भुतं

दुसऱ्याच्या गेममध्ये आपले बदल घुसवायचे, याला आज आपण 'मॉड' म्हणतो. असाच एक मॉड चाळीस वर्षांपूर्वी मूळ गेमच्या तोडीस तोड गाजला. त्याचं नाव मिझ पॅक-मॅन. पिवळा गोळा, ठिपके आणि चार भुतं हे चित्र तुमच्या ओळखीचं असेलच. या दुसऱ्या भागात त्या गोळ्याला फक्त रिबिन आणि लिपस्टिक लावली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरा फरक भुतांच्या डोक्यात आहे.

मूळ पॅक-मॅन 1980 साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी केला. त्यातल्या प्रत्येक भुताचा स्वभाव वेगळा. लाल भूत थेट मागे लागतं. गुलाबी भूत तुमच्या चार घरं पुढची जागा धरतं, म्हणजे वाट अडवायला बघतं. निळं भूत लाल भूत कुठे आहे तेही बघून ठरवतं. केशरी भूत लांबून अंगावर येतं आणि आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं.

रचना सुंदर होती, पण तिच्यात एक फट होती. तुम्ही तीच वळणं त्याच क्षणी घेतलीत, तर भुतंही दर वेळी हुबेहूब तशीच वागायची. शिवाय सगळ्या लेव्हलना चक्रव्यूह एकच. मग पोरांनी वाटा पाठ केल्या. त्या वाटांचे नकाशे छापलेली पुस्तकंही अमेरिकेत खपली. भुतांकडे न बघता लेव्हल पार व्हायची. थोडक्यात, आपल्या ओळखीची घोकंपट्टी.

याचा फटका पार्लरवाल्यांना बसला. तरबेज पोरगा एका नाण्यात तासभर मशीन अडवून ठेवायचा आणि गल्ला रिकामा राहायचा. डग मॅक्रे आणि केव्हिन करन या एमआयटीच्या विद्यार्थ्यांना हे दुखणं आतून माहीत होतं, कारण वसतिगृहात त्यांची स्वतःची मशीनं होती. जुना गेम नवा आणि अवघड करणारे जोड-बोर्ड त्यांनी बनवायला घेतले. 1981 मध्ये अटारी कंपनीने तिच्या 'मिसाइल कमांड'वरच्या अशाच बोर्डासाठी त्यांच्यावर खटला भरला. तडजोड झाली तेव्हा एक अट पडली: मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय असे बोर्ड विकायचे नाहीत.

तोवर त्यांचा पॅक-मॅनवरचा बोर्ड, 'क्रेझी ऑटो', तयार होत आला होता. मग ते थेट मिडवे कंपनीकडे गेले. अमेरिकेत पॅक-मॅनचे हक्क तिच्याकडेच होते आणि तिला पुढचा भाग हवाच होता. 1982 साली 'क्रेझी ऑटो' मिझ पॅक-मॅन म्हणून बाजारात आला आणि एक लाखाहून जास्त मशीनं विकली गेली.

या पोरांनी बदललं तरी काय? चक्रव्यूह एकाचे चार केले. तिसऱ्या लेव्हलला नवा नकाशा समोर येतो. फळ आधी भुतांच्या घराखाली गुपचूप बसून असायचं, ते आता बोगद्यातून आत शिरतं, भटकतं आणि निघून जातं. शंभर गुणांच्या चेरीचा मोह सहज आवरतो, पण पाच हजारांचं केळं निसटताना दिसलं की भलेभले कोपऱ्यात सापडतात. आणि सगळ्यात छोटा बदल सगळ्यात मोठा ठरला: लेव्हलच्या सुरुवातीचे काही क्षण लाल आणि गुलाबी भूत वाटेल तिकडे वळतं. नंतर पाठलाग जुन्याच नियमांनी होतो. पण सुरुवातच दर वेळी वेगळी, त्यामुळे पाठ केलेली वाट कुचकामी ठरते.

मी नवीन पनवेलमध्ये राहतो. इथल्या सेक्टरांत नवा पाहुणा हमखास चुकतो, आणि जुना रहिवासी मोबाइलमधून मान वर न काढता घरी पोचतो. पण एखाद्या दिवशी रस्ता खणलेला निघाला, की त्यालाही मान वर करावीच लागते. मिझ पॅक-मॅन प्रत्येक लेव्हलला असा एक रस्ता खणून ठेवते. मी ती फोनवर खेळतो आणि म्हणूनच मला ती मूळ गेमपेक्षा जास्त आवडते. भुतांचे स्वभाव माहीत असणं इथेही लागतंच, फक्त ते ज्ञान समोर बघून वापरावं लागतं.

तिच्या मालकीचं कोडं मात्र सुटलेलं नाही. बदल करणाऱ्यांना रॉयल्टी मिळत असे. ते हक्क 2019 साली अॅटगेम्स या कंपनीने घेतले आणि त्यावरून बंदाई नामकोने तिला कोर्टात खेचलं. 2022 मध्ये 'पॅक-लँड' हा जुना गेम पुन्हा निघाला, तेव्हा त्यातल्या मिझ पॅक-मॅनच्या जागी 'पॅक-मॉम' नावाची दुसरीच बाई उभी होती.

बाहेरच्या पोरांनी खेळ सुधारला, कंपनीने तो आपला म्हणून विकला, आणि चाळीस वर्षांनी त्याच्या नायिकेला आपल्याच कुटुंबाच्या चित्रातून वगळलं गेलं. आज कोणी गेमचा मॉड करून फुकट वाटतो, तेव्हा त्याला चोर म्हणण्याआधी मी थोडा थांबतो. आधी बघतो, त्याने भुतांना नवं काही शिकवलंय का.