शेकेल म्हणजे किती ग्रॅम?

गल्याथच्या चिलखताचं वजन ५,००० शेकेल पितळ होतं, असं जुन्या करारात लिहिलं आहे. मराठी बायबलातही शेकेल हा शब्द तसाच ठेवलेला असल्यानं वाचणाऱ्याला प्रश्न पडतोच, म्हणजे किती किलो? जुन्या बायबल-कोशांवर विसंबलं तर उत्तर सत्तर किलोंच्या आसपास येतं. आज ते सत्तावन्न किलो धरतात. चिलखत तेच, घालणारा तोच. मधल्या काळात शेकेल मात्र हलका झाला.

त्याचं असं झालं, की कोशकारांच्या हाती त्या काळी मुख्यतः नाणी होती. सोर शहरात पाडलेला चांदीचा शेकेल यरुशलेमच्या मंदिराच्या करासाठी चालत असे. पुढे रोमविरुद्धच्या बंडात, इसवी सन ६६ ते ७० या काळात, यहूद्यांनी स्वतःचे शेकेल पाडले. दोन्ही नाणी चौदा ग्रॅमच्या आगेमागे भरतात. तोच आकडा मंडळींनी कित्येक शतकं मागे नेऊन दावीद-गल्याथच्या गोष्टीला लावला. पण तेव्हा नाणी कुठे होती? शेकेल मुळात वजन. अब्राहामानं बायकोच्या दफनासाठी मकपेलाची गुहा घेतली तेव्हा ४०० शेकेल चांदी मोजून नव्हे, तोलून दिली. तागडीच्या एका पारड्यात चांदीचे तुकडे, दुसऱ्यात दगड.

हे दगडच पुढे उत्खननांत सापडत गेले. गेजेर, लाखीश, यरुशलेम अशा ठिकाणांहून ते शेकड्यांनी निघाले. गुलाबीसर किंवा पांढऱ्या चुनखडीचे, वरून घुमटासारखे गोल, बूड सपाट, हाताला गुळगुळीत. बहुतेक इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातले, यहूदाच्या राज्यातले. माथ्यावर फासासारखं एक चिन्ह आणि शेजारी आकडा. रझ क्लेटर या अभ्यासकानं अशा वजनांचा सविस्तर अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एका शेकेलची सरासरी ११.३३ ग्रॅम निघाली. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीजवळ मिळालेला, २०२० मध्ये जाहीर झालेला दोन शेकेलचा दगड २३ ग्रॅम भरला, म्हणजे हिशोबाला धरूनच.

आकड्यांची मात्र गंमत आहे. चार शेकेलच्या दगडावर ५ कोरलेले, आठाच्या दगडावर १०! लबाडी म्हणावी तर सगळीकडे एकसारखी. उलगडा इजिप्तच्या बाजारात आहे. हे आकडे इजिप्ती लिपीतले आहेत. तिथलं केदेत हे वजन ९.१ ग्रॅमच्या घरातलं, आणि दहा केदेतांचा एक देबेन. यहूदाचे आठ शेकेल भरतात ९०.६ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक देबेनच. एकच दगड दोन देशांच्या व्यापाऱ्यांना चालावा अशी ही सोय असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मला तरी हे पटतं.

वरच्या मापाचा हिशोब बायबलच देतं, तोही आडवळणानं. निर्गमच्या ३८व्या अध्यायात ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी दिली. बेरीज ३,०१,७७५ शेकेल. ग्रंथ म्हणतो, ही चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल झाली. वरचे १,७७५ वजा करून शंभरानं भागलं, की एका किक्काराला ३,००० शेकेल येतात. म्हणजे सुमारे ३४ किलो. खालच्या मापाचं गणित इतकं सरळ नाही. ग्रंथात शेकेलला वीस गेरा आहेत, पण सापडलेले गेऱ्याचे चिमुकले दगड तोलून क्लेटरचा निष्कर्ष चोविसाकडे झुकतो.

दगडांनी एक शब्दही सोडवला. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, पलिष्ट्यांकडे नांगराचे फाळ धार लावायला नेण्याच्या प्रसंगात, ‘पीम’ हा शब्द येतो आणि साऱ्या हिब्रू बायबलात पुन्हा कुठेच येत नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी संदर्भ पाहून तिथे कानस घातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘पीम’ कोरलेले दगड हाती आले, साधारण ७.८ ग्रॅमचे, म्हणजे शेकेलच्या दोन-तृतीयांश. ती कानस नव्हतीच. धार लावण्याची मजुरी होती, आणि भारी मजुरी होती.

मराठी वाचकाला शेकेल डोळ्यांपुढे आणायचा तर जुना तोळा आठवावा. तो ११.६६ ग्रॅमचा, शेकेलहून जेमतेम पावणेतीन गुंजा जड. दोघांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग. सराफाचा आजचा दहा ग्रॅमचा तोळा मात्र इथे चालणार नाही.

तोळ्यानं मोजलं, तर अबशालोमच्या वर्षाकाठी कापलेल्या केसांचे २०० शेकेल म्हणजे दोनशेला थोडे कमी तोळे, सव्वादोन किलो. विश्वास ठेवायचा की नाही, ज्याचं त्यानं पाहावं. ‘राजाच्या वजनाप्रमाणे’ असं तिथे मुद्दाम म्हटलं आहे, म्हणजे इतरही वजनं चालत असणार. पिशवीत लहानमोठे दोन दगड बाळगू नका, असं अनुवाद या पुस्तकात बजावलं आहे ते उगाच नाही. प्रामाणिक दगडांतही काही टक्क्यांचा फरक सापडतो. तेव्हा बायबलच्या मागच्या तक्त्यात शेकेलपुढे दशांशाची तीन-तीन स्थळं दिसली, तर त्यांवर भिस्त ठेवू नका. साधारण सव्वाअकरा ते साडेअकरा ग्रॅम एवढंच धरा, तेही यहूदाच्या राज्यापुरतं.